तिसऱ्या रांजणाचा वास

भाताच्या कुकरचं झाकण उघडायचं, भातवाढीने भात तळापासून वर करायचा आणि झाकण परत लावायचं, याला एकतीस सेकंद लागत. म्योंगसिलला श्वास अडतीस सेकंद रोखता येई. उरलेल्या सात सेकंदांत ती मागच्या दाराने अंगणात पोचे आणि तिथे तोंड उघडून श्वास घेई. नाकाने नाही.

ताज्या भाताच्या वाफेला तुंबलेल्या मोरीचा वास होता. तिळाच्या तेलाला जळक्या केसांचा. लसूण तव्यावर पडला की कुणीतरी ओकलेलं गरम करतंय असं वाटे. आणि नवऱ्याच्या, दोक्सूच्या मानेला, जिथे सव्वीस वर्षं नाक खुपसून ती झोपली होती, पोत्याखाली मरून पडलेल्या ओल्या उंदराचा वास होता. तो बिचारा आता दोनदा अंघोळ करी. त्याने नवा साबण आणला. साबणाला उंदीर अधिक गुलाब असा वास होता, तो जास्त वाईट.

"अगं, आता तरी?" त्याने विचारलं होतं.

"डोकं दुखतंय हो," ती म्हणाली आणि कुशीवर वळली. डोकं दुखत होतंच, त्यामुळे ते खोटंही नव्हतं.

पंधरा महिन्यांपूर्वी, जानेवारीत, अंगणातल्या सॉसच्या रांजणांच्या चौथऱ्यावरच्या बर्फावरून तिचा पाय घसरला आणि डोक्याची मागची बाजू दगडाच्या कडेवर आपटली. ग्वांगजू शहरातल्या इस्पितळात एकोणीस दिवस. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, "वाटीत टोफू आहे असं समजा. वाटी मागे आपटली की टोफू पुढच्या काठावर घासतो. वासाचे तंतू तिथेच असतात, ते तुटले."

मग आठ महिने कशालाच वास नव्हता. बाकीचं हळूहळू जागेवर येत होतं. रोजच्या वस्तूंची नावं ऐन वेळी निसटत, दोन माणसं एकदम बोलू लागली की कानात भांडी पडत, दुपारी अंधाऱ्या खोलीत दोन तास पडावंच लागे. शेजारणी म्हणत, "काय छान दिसतेस गं! काही झालं होतं असं वाटतच नाही." ते ऐकून तिला शिसारी येई.

शरदातल्या सणाला मासा भाजताना अचानक तिच्या नाकात काहीतरी शिरलं. "वास! वास आला!" ती ओरडली. सासूबाईंनी पितरांपुढे डोकं टेकलं, दोक्सू रडला, धाकटी जाऊ लिएन हिने सगळ्यांना तांदळाची दारू ओतली. तो वास मोरीचा होता हे सांगायला त्या गडबडीत जागाच उरली नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे बरं होण्याचंच लक्षण आहे. तंतू पुन्हा वाढतायत, पण चुकीच्या जागी जोडले जातायत. त्यांनी चार बाटल्या दिल्या: लिंबू, गुलाब, लवंग, निलगिरी. रोज दोनदा, वीस-वीस सेकंद हुंगायचं आणि काय वाटलं ते लिहायचं. म्योंगसिलच्या वहीत सहा महिने एकच शब्द होता. मोरी, मोरी, मोरी, मोरी. मागच्या आठवड्यात गुलाबापुढे तिने लिहिलं होतं: मोरी, पण जरा लांबची.

आणि एक गोष्ट तिने वहीतही लिहिली नव्हती. गावाबाहेरच्या डुकरांच्या गोठ्यावरून वारा आला की तिला पिकलेल्या नाशपतीचा वास येई. सगळे नाक दाबून पळत. ती रेंगाळे, आणि मग स्वतःचीच इतकी किळस वाटे की घरी येऊन ती खसाखसा दात घासे.

घरात खरं सांगायचं तिने ठरवलं होतं. सणानंतर. मग थंडीची किमची भरून झाल्यावर. मग नव्या वर्षानंतर. आता एप्रिल उजाडला होता, आणि आज रांजण उघडायचे होते.

या घरात सोया सॉस विकत येत नसे. पहिल्या चांद्रमासात चांगला दिवस बघून सोयाबीनच्या वाळवलेल्या ढेपा मिठाच्या पाण्यात सोडायच्या, रांजणाच्या गळ्याला गवताचा दोर बांधायचा, पांढऱ्या कागदाचा मोजा उलटा चिकटवायचा, म्हणजे इडापिडा आत शिरत नाही. दोन महिन्यांनी घरच्या थोरल्या सुनेने हुंगून सांगायचं, "झालं." मग त्यातलं पाणी जुन्या रांजणात ओतायचं. जुना रांजण म्हणजे घराचं विरजण. त्याच्या तळाशी सासूबाईंच्या सासूच्या हातचा सॉस होता, काळा आणि मधासारखा दाट. त्यात वाईट काही पडलं, तर चार पिढ्या एका पळीत नासणार.

मागच्या वर्षी नाक मेलेलं असताना म्योंगसिलने नुसतं रंगावरून "झालं" म्हटलं होतं. नशिबाने ते ठीक निघालं.

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. डोळे अधू, नाक त्याहून अधू, जीभ मात्र धारदार. हातात लाकडी पळी घेऊन त्या जुन्या रांजणापाशी बसल्या. लिएन चौथऱ्याखाली उभी होती. हनोईजवळच्या गावातून लग्न होऊन तिला इथे बारा वर्षं झाली, पण चौथऱ्यावर पाय ठेवायची तिला मुभा नव्हती.

"खालीच थांब गं," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या हाताला तुमच्याकडच्या त्या आंबवलेल्या माशाच्या पाण्याचा वास असतो."

"आणि तुम्ही लग्नात वाढता तो कुजवलेला मासा, आई? डोळ्यांतून पाणी काढतो तो. ते काय अत्तर?"

"तो आपला आहे."

"मग मी कुणाची?" लिएन हसत म्हणाली.

"तोंड बघा हिचं." मग त्या म्योंगसिलकडे वळल्या; थोरलीला त्या नेहमी लेकराच्या नावाने हाक मारत. "सोहाची आई, तू उघड."

म्योंगसिलने पहिलं झाकण उचललं. मोरी. दुसरा रांजण. मोरी, तितकीच, तशीच.

तिसऱ्याचं झाकण उचललं आणि ती थबकली.

नाशपती. पिकलेली, गोड, रसाळ. सव्वा वर्षात पहिल्यांदा खाण्याच्या वस्तूला इतका गोड वास आला होता. ती वाकली. डोळे मिटले. खोल श्वास घेतला, नाकाने. तोंडाला पाणी सुटलं.

आणि मग तिला तो गोठा आठवला.

तिने डोळे उघडले. ढेपांवर राखाडी, चिकट साय होती, तिच्यात बुडबुडे अडकले होते. तोंडातली लाळ तिला एकाएकी दुसऱ्याच कुणाचीतरी वाटली. हे सडलं होतं, आणि तिची जीभ त्यासाठी ओली झाली होती.

तिला तो दिवसही आठवला. पाण्यात अंडं सोडायचं असतं; पाचशे वॉनच्या नाण्याएवढं वर दिसलं, की मीठ पुरेसं. पहिल्या रांजणात सोडलं. दुसऱ्यात सोडलं. मग शेजारच्यांचा ट्रॅक्टर सुरू झाला, तिच्या डोक्यात भांडी पडली, ती आत जाऊन आडवी झाली. उठल्यावर अंडं तिच्या हातात होतं आणि तिने ते उकडून खाल्लं.

खालून लिएनचं हसणं थांबलं होतं. तिने बाही नाकाशी धरली होती आणि ती म्योंगसिलकडे बघत होती. बोलत मात्र नव्हती. चौथऱ्यावरचं बोलायचा तिला हक्क नव्हता.

"काय गं?" सासूबाईंनी पळी रांजणाच्या काठावर आपटली. "तिन्ही झाले ना? ओतू?"

म्योंगसिलने नीट विचार केला. 'तिसरा नासला' एवढंच म्हणता आलं असतं. गोड वास येईल ते फेकायचं, असा उलटा नियम करून वर्षानुवर्षं निभावता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. पण पहिल्या दोघांचं काय? दोन्हींची सारखीच घाण येत होती. त्यातला एक उत्तम असेल आणि एक आंबायला लागलेला, तर तिला तो फरक कळणार नव्हता. आजही नाही, आणि कदाचित कधीच नाही.

"अगं, जीभ पण आपटलीस की काय तेव्हा?"

"नाही, आई." तिने तिसऱ्या रांजणावर झाकण ठेवलं. "तिसऱ्यात मी अंडं सोडायला विसरले. तो नासलाय. आणि माझं नाक बरं झालेलं नाही. सणाच्या दिवशीही झालं नव्हतं. मला भाताची घाण येते, ह्यांची घाण येते, आणि हे सडलेलं आत्ता मला गोड वाटलं."

सासूबाईंनी पळी बाजूला ठेवली.

"मग आता हुंगणार कोण?"

म्योंगसिल कडेला सरकली आणि तिने खाली हात पुढे केला.

"लिएन, चप्पल काढ आणि वर ये. आई, आजपासून रांजण ही बघेल."