पानाच्या तळाचा ठिपका

मृणालने पानाच्या तळाशी नख घासून पाहिलं. ठिपका निघेना. तो डाग नव्हता, छापलेलाच होता.

टेबलापलीकडे तिचे साहेब, भालचंद्र सर, हा ठिपका कसला याच्या उत्तराची वाट बघत होते. नोएडातल्या या ऑफिसात परदेशी प्रकाशकांची गणिताची पुस्तकं टाइपसेट होत, आणि त्यातलं काही घरी नेणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. मागच्याच महिन्यात शेजारच्या टेबलावरच्या प्रसन्नच्या बॅगेत फ्लॉपी सापडली आणि सरांनी त्याला उभ्या उभ्या काढलं. मृणाल तेव्हा मान खाली घालून बसली होती. तिच्याही पर्समध्ये फ्लॉपी होती.

सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून उरलेलं काम ती गाझियाबादला, घरी करायची. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर युनिक्स, घरच्यावर विंडोज, दोन्हीकडचे अक्षरांचे फाँट वेगळे. म्हणून तिने पुस्तकाच्या मुख्य फाइललाच शहाणं केलं होतं. युनिक्सवर हमखास असणारी एक फाइल तिने आधी शोधायची. सापडली तर ऑफिसचे फाँट; नाही सापडली तर विंडोजचे, आणि शिवाय प्रत्येक पानाच्या तळाशी एक ठिपका, घरची प्रत ओळखू यावी म्हणून. फाइल ऑफिसात परत आणताना त्यातली ठिपक्याची ओळ काढायची मात्र ती विसरली. एवढी हुशार बाई, आणि नेमकं हेच विसरली!

काहीतरी थाप मारावी असं तिला वाटलं, पण जीभ वळेना. तिने फ्लॉपीपासून ठिपक्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे ऑफिसच्या मशीनवर हा ठिपका येतच नाही?"

"बिल्कुल नाही, सर."

सरांची नजर टाळायला तिने पानाकडे पाहिलं. नववं प्रकरण. हे तिने कधी घरी नेलंच नव्हतं. शनिवारी ते सरांनी स्वतःकडे तपासायला घेतलं होतं, आणि इथे त्यांच्या दुरुस्त्याही छापून आल्या होत्या. काल रविवार, ऑफिस बंद. म्हणजे हे पान ऑफिसात छापलेलंच नव्हतं.

तिने वर पाहिलं. सरांनी पान ओढून घेतलं आणि ठिपक्यावर अंगठा ठेवला. दार बंद आहे ना, हे त्यांनी मान वळवून पाहिलं. तिची भीती उलट वाढलीच. घाबरलेला साहेब काय करेल, कुणी सांगावं?

"ती ओळ काढून टाक," ते म्हणाले. "विषय संपला."

"हो, सर."

ती दारापर्यंत आली. नोकरी वाचली होती, आता फक्त मुकाट्याने बाहेर पडायचं होतं. तिने दाराची मूठ धरली आणि तशीच उभी राहिली.

"सर, प्रसन्नला परत बोलवायचं?"

त्यांनी ठिपक्यावरचा अंगठा उचलला.

"त्याचा नंबर आहे तुझ्याकडे?" सरांनी विचारलं.