कबऱ्याचा बोजारा

मित्रांनो, माझा डावा कान अर्धाच आहे. घरी पाहुणे आले की कुणीतरी म्हणतंच, "याले सुताराकडं नेऊन नवा कान बसवा न!" मी लाकडाचा, उत्तर कसं देणार? पण आज सांगूनच टाकतो. हा कान मोडलेला नाही, चावलेला आहे. आणि त्याला कुणी हात लावलेला मला खपत नाही.

मी तान्ह्या पोळ्याचा जुना नंदी. बार्शीटाकळीच्या डोमाजी सुतारानं मला सागातून कोरलं, ते साल होतं १९५४. अंग सागाचं दिलं, पण चाकं बाभळीची लावली, म्हणून मी अजूनही कुरकुरत चालतो. स्वभावही तसाच झाला म्हणा. मोठा पोळा खऱ्या बैलांचा असतो. दुसऱ्या दिवशी आमचा. पोरं आम्हाला सजवून दोरीनं ओढत घरोघरी नेतात. घरची बाई ओवाळते आणि पोराच्या हातावर खाऊ नाहीतर पैसे ठेवते, त्याला बोजारा म्हणतात. बोजारा मिळाल्याशिवाय नंदी दारातून हलत नाही. आमचा हा मान कुणी मोडत नाही.

मला अकोल्याला, जठारपेठेत आणलं गोवर्धनरावांनी. ते कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, मुकादम होते. त्यांना एकुलती एक मुलगी, मैना. शेजारीण म्हणाली, "पोरगी नंदी नेते काय?" तर गोवर्धनराव म्हणाले, "नेते. अन् तुमच्या पोराच्या पुढं नेते." मला ते फार आवडलं होतं. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

भाजीबाजारामागच्या नालीतून मैनानं एक पिल्लू उचलून आणलं. पांढऱ्या अंगावर काळे डाग, म्हणून नाव कबऱ्या. नालीत त्याला एकेका तुकड्यासाठी मोठ्या कुत्र्यांशी भांडावं लागलं असणार. घरी पोटभर मिळायला लागलं, तरी त्याच्या मनातून ती नाली काही गेली नाही. भाकर खाताना कुणी जवळून गेलं की अंग ताठ करायचा आणि दात दाखवायचा. मैनाचा भोवरा, तिच्या आईचं, इंदूबाईंचं लाटणं, जे सापडेल ते पळवायचा आणि त्यावर पाय ठेवून बसायचा. पोळ्यासाठी मी माळ्यावरून खाली आलो, तर त्यानं मलाच ओढून ओट्याच्या कोपऱ्यात नेलं. माझ्या पाठीवर हनुवटी टेकून तो गुरगुरला की ती गुरगुर माझ्या लाकडाच्या आतपर्यंत जायची.

खरं सांगू? मला बरं वाटायचं. वर्षातला एक दिवस सोडला तर मी माळ्यावर धूळ खात पडलेला असायचो. आपण कुणाचे तरी आहोत, असं मला पहिल्यांदा कबऱ्यानं वाटायला लावलं.

गोवर्धनरावांना मात्र ती गुरगुर म्हणजे आपला अपमान वाटायचा. जिनात त्यांच्या एका हाकेवर सगळे मजूर उभे राहत. घरी येऊन ते कबऱ्याची थाळी तो खात असतानाच मुद्दाम ओढून घेत.

मैना रडकुंडीला यायची. "बाबा, त्याचं जेवण कावून ओढता?"

"मालक कोन हाये, हे त्याले समजलं पायजे."

कबऱ्याला काय समजलं, ते मी जवळून पाहिलं. त्याला एवढंच समजलं की हा हात आपला घास न्यायला येतो. तो आणखी घाईनं खाऊ लागला, ठसकू लागला. मग तर गोवर्धनरावांच्या चपलांचा आवाज आला तरी गुरगुरायचा.

मैनानं वेगळंच केलं. पोळ्याच्या सवयीची पोरगी ती! कबऱ्यानं मला धरलं की ती समोर दूर बसायची, भाकरीला गूळ लावायची आणि म्हणायची, "घे तुझा बोजारा, अन् माझा नंदी दे." तुकडा त्याच्यापुढे टाकायची. तो उठून तुकडा खायचा, तोवर ती मला हळूच घ्यायची. थोड्या वेळानं परत त्यालाच द्यायची. हळूहळू त्याला कळलं की हिनं नेलेलं परत मिळतं. मग "बोजारा" म्हटलं की तो आपणच बाजूला व्हायचा, शेपूट हलवत. घरात कुणालाच ते शिकून घ्यावंसं वाटलं नाही. पोरखेळ म्हणून सगळे हसले.

पुढच्या वर्षी तान्ह्या पोळ्याला मैना तापानं फणफणली होती. इंदूबाईंनी मला रंग दिला, झूल घातली, गळ्यात करंज्यांची माळ बांधली आणि ओट्यावर ठेवलं. आता तुम्हीच विचार करा. त्याचं आवडतं खेळणं, आणि वर त्याला करंज्या लटकलेल्या! कबऱ्या मला पोटाशी धरून बसला. आजूबाजूची पोरं नंदी घेऊन जमली, त्यांचे बाप जमले. आतून मैना म्हणत होती, "बाबा, त्याले आधी बोजारा द्या. तसं नका घेऊ."

तेवढ्यात कुणीतरी हसून म्हणालं, "मुकादम, जिनात तुमाले सारे भितात, अन् घरचं कुत्रं मोजत नाई?"

झालं! गोवर्धनरावांनी कबऱ्याच्या कंबरेत लाथ घातली आणि माझी शिंगं धरून हिसका दिला. कबऱ्याचे दात माझ्या कानात होते, अर्धा कान तुटून त्याच्या तोंडात राहिला. दुसऱ्या हिसक्याला त्यानं गोवर्धनरावांचं मनगट फोडलं. माझ्या नव्या झुलीवर रक्त सांडलं.

दवाखान्यात पोटात सुया घेऊन गोवर्धनराव परतले, ते एका पोत्यासह. बार्शीटाकळीकडे जाणाऱ्या बैलगाडीत त्यांनी कबऱ्याला पोत्यात बांधून घातलं. "पार गावापल्याड सोडजा," एवढंच बोलले. मैना अंथरुणातून उठून दारापर्यंत आली आणि तिथंच खाली बसली. ताप उतरल्यावरही ती बापाशी बोलली नाही. रोज मला ओट्यावर ठेवायची, माझ्यापुढे भाकरीचा तुकडा ठेवायची. तो कावळे न्यायचे.

थंडी पडली, कापसाच्या गाड्या जिनात येऊ लागल्या. एका गाडीखाली, चाकांच्या मधून चालत, कबऱ्या आला. गोवर्धनरावांनीच त्याला ओळखलं आणि उचलून घरी आणलं. त्याची हाडं मोजून घ्यावी अशी झाली होती, पाठीवर काठ्यांचे वळ होते. "मैना, पाह्य कोन आला," मुकादमानं दारातूनच हाक मारली.

इंदूबाईंनी थाळीभर दूध-भाकर ठेवली. कबऱ्या मागे सरकला. सगळे आत गेले तेव्हा त्यानं ती खाल्ली. दुसऱ्या दिवशी गोवर्धनराव जवळून गेले, तसा अर्धी भाकर सोडून तो भिंतीला चिकटला. मैनानं मला त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं माझा अर्धा कान हुंगला. पण तिचा हात पुढे आला मात्र, मान खाली घालून तो बाजूला झाला. बोजारा न मागताच.

शेजारी म्हणाले, "सुदरलं बरं कुत्रं! आता कसं शहाणं झालं." गोवर्धनराव उठून आत गेले.

मैना त्याच्यापुढे बसून रडत म्हणाली, "गुरगुर न रे, कबऱ्या. एकदा तरी गुरगुर. तुझाच हाये तो."

तो गुरगुरला नाही. पुढच्या पोळ्याआधी तो गेला. शेवटच्या दिवसांत गोवर्धनराव स्वतः थाळी ठेवून दूर बसायचे आणि हलक्या आवाजात म्हणायचे, "खाय बापा, कोनी नाई नेत." पण तो त्यांच्याकडे पाहत बसून राहायचा. तेवढ्यात कावळे येऊन थाळीतली भाकर न्यायचे.

मैना लग्न होऊन अमरावतीला आली तेव्हा रुखवतात मीही होतो. आता तिचा मुलगा मला ओढतो. मित्रांनो, तुमच्या घरी असं एखादं जनावर असलं तर त्याच्यापुढून काही ओढू नका. आधी द्या, मग मागा, आणि घेतलेलं परत करा. ते गुरगुरतं, कारण काहीतरी आपलं आहे असं त्याला अजून वाटतं. आणि माझा कान बसवायला सुताराला बोलावू नका. दुसरा अर्धा कबऱ्यानं नेला आहे, तो त्याचाच राहू द्या.