एकावर एक फुकट

कंपनीची अब्रू गेली की ती शोधायला बाहेरची माणसं नेमतात. ज्यांनी घालवली ते गुपचूप खुर्च्यांवर बसून बिस्किटं खातात. इथंही तसंच झालं. बाळांच्या साबणाचा एक घाणा बिघडला, तान्ह्या पोरांच्या अंगावर पुरळ उठलं, आयांनी फोटो काढून जगभर पाठवले, आणि बघता बघता त्या साबणाचं नाव निघालं की लोक नाक मुरडायला लागले. बिघडलेला माल केव्हाच परत आणून नष्ट केला होता. नवा साबण पुन्हा पुन्हा तपासून झाला होता. पण थेंबानं गेलेली अब्रू हौदानं येत नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

म्हणून सल्लागारबाई आल्या. बाई हुशार, त्यात वाद नाही. त्यांनी दुकानांतून बायकांच्या हाती साबणाचं खोकं देऊन विचारलं होतं, हे बघून काय वाटतं? उत्तरं पडद्यावर लावली आणि वाचायला उभं केलं खोकेकाकांना. साबण कशात भरायचा, खोक्याचा रंग कुठला, अक्षर केवढं, हे सगळं गेली कित्येक वर्षं काकाच बघत. म्हणून नाव पडलं खोकेकाका. आवाज खणखणीत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"साबण बरा असेल, पण विश्वास उडाला," काकांनी वाचलं. "वास आवडतो." आणि मग, "या पोरीकडे आता बघवत नाही. हिचं तोंड दिसलं की माझ्या बाळाचं पुरळ आठवतं."

पुढची ओळ काकांच्या तोंडातून फुटेना. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. वय झालं म्हाताऱ्याचं, असंच सगळ्यांना वाटलं.

खोक्यावरच्या फोटोतली ही पोर म्हणजे काकांची लेक, ठकी.

फोटो काढायच्या दिवशी भाड्यानं आणलेलं बाळ रडून रडून काळंनिळं झालं होतं. काकू नेमक्या काकांचा विसरलेला डबा घेऊन आल्या, कडेवर ठकी. फोटोवाला म्हणाला, "हिलाच बसवा हो!" बसवली. ठकी दोन दात दाखवून खुदकन हसली आणि खोक्यावर गेली ती तिथलीच झाली. जुन्या मालकांना ठाऊक होतं. ते वारले, त्यांच्या वेळची माणसं पांगली, आता कोणाला पत्ताही नव्हता.

कॉलेजात पोरं तिला साबणबाई म्हणायची. ठकी घरी येऊन दप्तर आपटायची. "बाबा, मला त्या खोक्यावरून खाली उतरवा ना एकदाचं! लग्नातसुद्धा हेच चिडवतील."

"उतरवतो हो, उतरवतो," काका म्हणायचे, आणि मनातून फुशारायचे.

लग्नापर्यंत गोष्ट गेलीच नाही. एकोणिसाव्या वर्षी साधा ताप आला, साधाच म्हणाले सगळे, आणि धडधाकट पोर हातची गेली. काकूंनी घरातला एकूण एक फोटो काढून ट्रंकेत टाकला. "त्यात ती मोठी होत जाते हो," म्हणाल्या, "आणि मोठी होत होत कुठे पोचते ते मला माहीत आहे." खोक्यावरची ठकी मात्र मोठी होत नव्हती. काकू रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात जात, फळीवरची खोकी तोंडं पुढे करून नीट मांडत, एखादा शब्द बोलत आणि परत येत. मग कुठे दोन घास गिळत. दुकानदार भला माणूस, त्यानं कधी हटकलं नाही.

"चेहरा काढायचा," इकडे सभेत सल्लागारबाई म्हणाल्या. "तिथे हिरवं पान टाकू. पानाचा राग कोणाला येत नाही."

"आणि आधीच भरून ठेवलेली खोकी?" कोणीतरी विचारलं.

"लगदा करा," साहेब म्हणाले.

"नको!" काका ओरडले. सगळ्या माना वळल्या.

तेव्हाच सांगायला हवं होतं. ती माझी लेक आहे, एवढंच. पण जिच्याकडे बघवत नाही असं आत्ताच स्वतःच्या तोंडानं भर सभेत वाचलं, तिला आपली म्हणायची त्यांना लाज वाटली. हो, लाज! मेलेल्या लेकराची लाज. जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच.

"माल चांगला आहे," ते म्हणाले. "वर मोठा स्टिकर लावू. एकावर एक फुकट. चेहराही झाकेल आणि माल खपेल."

"वा काका! एका दगडात दोन पक्षी!" साहेबांनी टाळी दिली.

काकांच्या मनात वेगळंच होतं. स्टिकरखाली का होईना, ठकी आणखी थोडे दिवस फळीवर राहील. घरी गेल्यावर त्यांनी काकूंना समजावलं, "वर कागद असेल गं. तू आपली हळूच सोल आणि बघ. मन तयार होईपर्यंत."

काकूंनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "बरं."

दुसऱ्या दिवशी कामाची झुंबड. त्यात छापखानेवाल्याचा फोन. "काका, गम कुठला लावू? कच्चा लावला तर दुकानदार स्टिकर सोलतात आणि दोन्ही खोकी पुऱ्या भावानं विकतात."

"पक्का लाव," काका म्हणाले. "सुटता कामा नये." अंगवळणी पडलेलं उत्तर. फोन ठेवून ते पुढच्या कामाला लागले. डोक्यात उजेडच पडला नाही.

स्टिकरवाली खोकी दुकानात आली त्या संध्याकाळी काकू लवकर निघाल्या. बऱ्याच वेळानं काका बघायला गेले. काकू फळीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि नखानं काहीतरी खरवडत होत्या. पायाशी कागदाचे कपटे.

"अहो, बरं झालं आलात," त्या वळून म्हणाल्या. "हळूच सोललं हो मी. खरंच हळूच. पण तोंडच निघून येतंय हिचं."

हातातल्या खोक्यावर ठकीचा एक कान उरला होता. बाकी नुसता पांढरा, भुसभुशीत पुठ्ठा.

"कोणा मेल्यानं एवढा पक्का गम लावलाय? तुमच्या कंपनीत विचारा ना!"

सभेत जी जीभ हलली नव्हती, ती आता हलली.

"मीच लावायला सांगितला," काका म्हणाले, आणि भर दुकानात लहान पोरासारखे रडायला लागले.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. फाटलेलं खोकं त्यांनी पदराखाली घेतलं. मग फळीवरचं दुसरं उचललं. त्याच्या स्टिकरचा कोपरा जरासा उचकटला होता. त्यांनी नख लावलं नाही. तळव्यानं तो कोपरा दाबून दाबून नीट बसवला. मग तिसरं घेतलं, मग चौथं.

"राहू दे आता," त्या म्हणाल्या. "आत तरी अख्खी आहे."