पन्नास माणसांचं पातेलं

"काकू, ते मोठं पातेलं पाहिजे होतं. पन्नास माणसांच्या भाताचं."

दारात शैला उभी होती, आणि तारामतीकाकूंना खरंच वाटेना. अंबरपेठेतल्या त्या गल्लीत घरटी एकेक भांडं मागून काकूंच्या यजमानांनी, केशवरावांनी, हा भांड्यांचा संसार उभा केला होता. लग्न असो की बारसं, भांडी काकूंच्या घरातून जायची आणि मागोमाग काकूंना जेवायची हाक यायची. परत येताना आत मूठभर तांदूळ असायचेच. रिकामं भांडं दारात आणायचं नाही, ही गल्लीची रीत. पुढे केशवराव गेले, घरोघर टीव्हीची केबल आली, लग्नकार्यांना फंक्शन हॉल निघाले, आणि दोन वर्षांत काकूंकडे कुणी फिरकलं म्हणून नाही. "दसऱ्यापर्यंत कुणी मागितली नाहीत तर सगळी मोडीत घालू, अन् तू माझ्याकडे कुकटपल्लीला राहायला ये," असं मुलगा युवराज बजावून गेला होता.

"ने गं बाई, ने! तुझ्या बारशाचा भात यातच शिजला. कल्हई करूनच ठेवलीय."

"शिजवायचं नाही हो काकू. लेकीचं बारसं दिलसुखनगरच्या हॉलात आहे, केटरर आहे न. दारात पाणी भरून फुलं सोडायची. आजकाल तसंच करायलेत सगळे."

काकूंचा चेहरा उतरला. पण मागितलं, हे काय थोडं झालं? बारशाच्या दिवशी, गुरुवारी, ठेवणीतली साडी नेसून त्या सकाळपासून हाकेची वाट बघत बसल्या. हाक आली नाही. लेकुरवाळी पोर, गडबडीत विसरली असेल, अशी त्यांनी समजूत घातली. लागायचं ते मनाला लागलंच. दुपारी चहात शिळी पोळी बुडवून खाल्ली.

शुक्रवारी रिक्षावाल्याने पातेलं उंबऱ्यावर टेकवलं. "अम्मा, हॉलवाले भेजे," म्हणाला आणि गेला. आत गुलाबाच्या दोन सुकल्या पाकळ्या होत्या, बाकी रिकामं. काकूंनी पाकळ्या वेचून काढल्या आणि पातेलं आत ओढून घेतलं.

रविवारी युवराज आला. "काय आई, लागलं का कुणाला काही?"

"लागलं तर! शैलानं नेलं होतं पातेलं. अन् रीत विसरली नाही हो पोरगी, हे बघ." काकूंनी झाकण उचललं.

तळाशी मूठभर तांदूळ होते. युवराजने मोडीचं नाव काढलं नाही.

तो गेल्यावर काकूंनी दार लोटलं आणि ते तांदूळ पुन्हा आपल्या डब्यात ओतले.