अडणीएवढे पाय

मित्रांनो, मी एक जुनं सागवानी टेबल आहे. जन्माला आलं जेवणाचं म्हणून, पण निम्मं आयुष्य गेलं कापड मोजण्यात. नशिबाचे फेरे, दुसरं काय!

नेकनूरच्या नागप्पांचं कापडदुकान आणि घर एकाला एक लागून आहे. त्यांच्या मुलाच्या, विश्वेश्वरच्या लग्नात मी या घरात आलं. पहिल्याच दिवशी पूजा आटोपून नागप्पा ऐटीत खुर्चीवर बसले. ताट अडणीवरच ठेवायचं, ही या घराची रीत. अडणी म्हणजे तीन पायांची पितळी तिवई. खाली मांडी घालून बसलं की ती ताट कशी अलगद तोंडाजवळ आणते! नागप्पांनी ती माझ्यावर मांडली, तिच्यावर ताट ठेवलं आणि वरणाची वाटी थेट हनुवटीला टेकली.

त्यांच्या पत्नीला, मल्लम्मांना हसू आवरेना. "अवो, अडणी काढा की!"

"अडणी कावून काढू? टेबलच लई उंच हाय."

झालं. त्याच संध्याकाळी माझी रवानगी दुकानात झाली.

तिथे माझ्यावर लुगडी उलगडली, खणांचे ढीग लागले. कोऱ्या कापडाच्या वासाने दुपारी माझा डोळा लागायचा. स्वप्नात मी पुन्हा झाड व्हायचं. माझ्या सावलीत माणसं भाकरीचं फडकं सोडून बसायची, कुणी कांदा फोडायचं, कुणी हसायचं. जाग आली की मन उगीच भरून यायचं. माझ्यावर कुणी जेवलंच नव्हतं ना!

पुढे दुकानात काचेचं काउंटर आलं. मी मागच्या खोलीत, पोत्यांखाली गेलं. दारातून स्वयंपाकघर दिसायचं. गुडघ्यांमुळे मल्लम्मांना आता खाली मांडी घालता येत नव्हती. सगळे खाली पंगतीला बसायचे, आणि सगळ्यांचं झालं की त्या ओट्याशी उभ्या राहून एकट्याच चार घास खायच्या. मला फार वाईट वाटायचं, पण टेबलाला कुठे तोंड असतं!

एके दिवशी विश्वेश्वरने सुग्रीव सुताराला बोलावलं. मला फोडून दुकानासाठी फळ्या करायच्या होत्या. करवत माझ्या अंगावर टेकली आणि माझा जीवच गोळा झाला.

"हात लावू नको, सुग्रीव!" दारात मल्लम्मा उभ्या होत्या. "त्याला फोडलं तर मी काय मरेपर्यंत उभ्यानंच जेवू?"

ही गोष्ट रोज समोर घडत होती, पण दिसली कुणालाच नव्हती. नागप्पा तडक आत गेले. मला वाटलं, रागावले. ते आले ते अडणी घेऊन. ती त्यांनी माझ्या पायाशी उभी केली.

"फोडू नको. चारी पाय खालून एवढे कापून टाक."

दुखलं, खोटं कशाला बोलू? पण सुग्रीवने हलता पाय ठोकून दिला, तेलपाणी केलं, आणि मी पुन्हा नवरीसारखं उजळलं.

त्या संध्याकाळी माझ्यावर दोन अडण्या मांडल्या गेल्या. मल्लम्मा सवयीने म्हणाल्या, "आधी तुमी जेवा, मी वाढते."

"वाढायला शिवानी हाय. तू बस," नागप्पा म्हणाले.

नातीने ताटं वाढली. मल्लम्मा हळूच खुर्चीवर बसल्या. पहिला घास हातात तसाच राहिला, डोळे मात्र वाहू लागले. माझं स्वप्न मला जागेपणी दिसत होतं.

मित्रांनो, घरातलं जुनं लाकूड जरूर फोडा. पण त्याआधी एकदा बघून घ्या, घरात उभ्याने कोण जेवतंय.