बहात्तर टेस्ट आणि एक तोंड

यवतमाळजवळच्या नेरला बसस्टँडसमोर माझी रक्ततपासणीची लॅब आहे. तेवीस वर्षं लोकांना सुया टोचतोय, त्यामुळे बायको म्हणते की तुमच्या जिभेलाही सुईच लागलीय. असू द्या. निशिगंधाबद्दल सांगायला बसलोय, तर आधी हेच सांगतो की ती कामाला लागली तेव्हा मला वाटलं होतं, ही पोरगी सहा महिन्यांत माझं दुकान बुडवणार.

वर्षाची तपासणी करायला माणूस यायचा आणि ऐटीत म्हणायचा, "फुल बॉडी करून टाका." मी खूश. पण ही बया पेन खाली ठेवायची आणि विचारायची, "काम काय करता? झोप लागते काय? घरी कोणाले शुगर हाय काय?" मग माझ्या छापील यादीवर काट मारत सुटायची. धडधाकट तरण्या माणसाला म्हणायची, "हे वीस तुमाले कायले पाह्यजेत? शुगर पाहू, बीपी पाहू, बाकीचं डॉक्टरनं सांगतलं तर या." फवारणी करणारा आला की तो हातमोजे घालतो का, यावरून त्याला दहा मिनिटं झापायची. मी आत बसून दातओठ खायचो. पण गावोगावचे लोक दारातून डोकावून विचारायला लागले, "ते बाई हाय काय?" मी नुसता असलो तर परत जायचे. आता बोला!

गेल्या डिसेंबरात सदाशिवराव आला. माझा शाळेपासूनचा दोस्त, कळंब रोडला त्याचं शेत. दरवर्षी कापसाचा दुसरा वेचा आटोपला की बहात्तर टेस्टांचं पॅकेज करायचं आणि सगळं नॉर्मल आलं की गावभर सांगायचं, हा त्याचा नेम. आठ वर्षं चुकला नव्हता. रक्त दिलं की आम्ही दोघं बाहेरच्या बाकड्यावर बसून एका प्लास्टिकच्या पन्नीतला सुपारी-तंबाखूचा खर्रा वाटून खायचो. या वेळी सोबत इंदुताई होती, त्याची बायको.

"काका, उपाशी हा ना?" निशिगंधानं विचारलं.

"पोटात पाण्याचा थेंब नाई."

"मंग गालात काय हाय?"

"खर्रा. खर्रा का जेवण होय?"

मी हसलो. तो खोटं बोलत नव्हता. आमच्याकडे एकादशीलाही खर्रा चालतो, साबुदाण्याच्या आधी तोच तोंडात जातो. सुपारी आणि तंबाखू खाण्यात धरायची, हे आमच्या बापजाद्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

निशिगंधानं त्याला चूळ भरून यायला लावलं. तेवढ्यात इंदुताई काउंटरवर वाकून मला म्हणाली, "वामनभाऊ, या बहात्तरात तोंडाची टेस्ट कोणती हाय?"

"तोंडाची नसते वयनी. रक्त अन् लघवी."

"मंग एक जोडून द्या ना. वरीस झालं, यायले तिखट चालत नाई. ठेचा सोडला. भाकर दुधात कुस्करून खातेत. तोंडात आग होते म्हणतेत. मले लय भेव लागते, भाऊ."

"उष्णता असंल," मी म्हणालो. खरं सांगतो, मला ऐकायचंच नव्हतं. दिवाळीपासून मलाही पोह्यातली मिरची झोंबत होती आणि मी बायकोवर ओरडत होतो की मिरच्या बदल.

निशिगंधानं हातातली सुई ट्रेमध्ये ठेवून दिली. "काका, रक्त मंग काढू. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातेत काय, पाहा बरं. चांगल्या तोंडात जातेत, खर्र्यानं तोंड आखडत जाते."

सदाशिवराव भडकला. "मी का बाजारातला बैल हाओ, दात पाहाले? वामन, तुही पोरगी लय चढली बे!"

आणि मी काय केलं? दोस्तापुढे शेखी मिरवली. "निशिगंधा, तुह्यं काम सुई टोचाचं हाय. डॉक्टरीन होऊ नको. नाई तर उद्यापासून येऊ नको."

तिचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही की कापलाही नाही. "नाई येत सर. पण आज मी हाओ. काका, आठ वर्षं तुमचं सगळं नॉर्मल आलं. यंदाही येईन. तोंडातलं त्या कागदावर येतच नाई. यवतमाळले दातांच्या डॉक्टरकडं मी दोन वर्षं कामाले होती. तिखट सुटलेले लोक मी पाह्यले. जे लवकर आले ते बोलत घरी गेले. जे उशिरा आले, त्यायची नावं मले अजून पाठ हायत."

 इंदुताईनं डोळ्याला पदर लावला. सदाशिवरावानं पळवाट शोधली. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "आमी दोघं एकाच पन्नीतला खातो. यानं पहिले तोंड उघडलं, तर मी उघडतो. जबान देतो."

त्याला खात्री होती की मी उघडणार नाही. मलाही होती. पण ती पोरगी माझ्याकडे बघत होती. रागानं नाही, मी उघडेन अशा भरवशानं. नोकरीवरून काढणाऱ्यावर भरवसा ठेवायला केवढं काळीज लागतं! मी हात धुतला, तीन बोटं उभी केली आणि तोंड उघडलं. दोनच गेली. तिसरं दातावर अडलं.

"दोनच, सर," ती हळूच म्हणाली.

सदाशिवराव शब्दाचा पक्का. त्यानं बोटं घातली. दुसरं जेमतेम अर्धं गेलं. तिनं टॉर्च धरून डाव्या गालात पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मीही वाकलो. आत तुरीच्या डाळीएवढा पांढरा चट्टा होता. आठ वर्षं मी या माणसाच्या दंडाला पट्टा बांधत होतो आणि वीतभर वर बघितलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

"हे का हाय ते मले सांगता येत नाई काका," ती म्हणाली. "तुकडा तपासल्याबिगर कोणालेच नाई. पण आजच जा. उद्यावर टाकू नका."

तिनं बहात्तरच्या बहात्तर टेस्टांवर एकच तिरपी रेघ मारली. कागदाच्या मागं यवतमाळच्या सरकारी दवाखान्यातल्या दातांच्या विभागाचं नाव लिहिलं, खाली आमची दोघांची नावं. मग ऍप्रन काढून नीट घडी करून काउंटरवर ठेवला. "येते सर."

तेवीस वर्षांत मी लॅबमध्ये कुणाची माफी मागितली नव्हती. त्या दिवशीही नाही मागितली. मी खिशातून लॅबची किल्ली काढली आणि घडीवर ठेवली. "आमी यवतमाळले चाल्लो. लॅब तू पाह्य. अन् यादीतलं जे काटाचं ते काट, मले इचारू नको."

तिनं ऍप्रन पुन्हा घातला.

साडेदहाची बस मिळाली. इंदुताई पुढच्या सीटवर, आम्ही दोघं मागं.  अर्ध्या वाटेत सदाशिवराव खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ते पोरगी भेली नाई ना बे?"

"नाई भेली."

"मले लय भेव लागून राह्यलं, वामन."

"मलेही," मी म्हणालो. पन्नास वर्षांच्या दोस्तीत हे आम्ही एकमेकांना पहिल्यांदाच सांगत होतो.