नाही तेवढंच

"बाई, सगळं मिळून दोन जीबी आहे. तुमच्या तिथून पाठवायला आठवडा लागेल," हमझा फोनवर म्हणाला.

"आणि छापखान्यात कधी द्यायचंय?"

"आज. बारा वाजता."

चंपाबाई तांब्यांनी घड्याळ पाहिलं. साडेदहा. गावात रेंज म्हणून मिळते ती सड्यावरच्या, वरच्या कातळमाळावरच्या, पाण्याच्या टाकीपाशीच. निवृत्त झाल्यापासून बाई रोज सकाळी तिथे येत, लॅपटॉप मांडीवर घेत आणि फोन टाकीच्या कठड्यावर ठेवत. तिथेही आज एकच दांडी होती, तीसुद्धा मधूनमधून जात होती.

आरे-वारेच्या बाजूच्या पाच शाळांतल्या मुलांनी चार वर्षं गावोगावचे शब्द गोळा केले होते. कुणगा, खाजण, पाणंद. शब्द, अर्थ, फोटो, आजीच्या आवाजातला उच्चार. बाईंचा नियम एकच होता: आधी स्वतःचं नाव टाका, मग शब्द. हमझा त्यांचा जुना विद्यार्थी, आता पुण्यात नोकरीला. त्याने हे सगळं गिट नावाच्या संगणक-प्रणालीत बसवून दिलं होतं. त्यात प्रत्येक संगणकावर पूर्ण प्रत राहू शकते. कुणी काय लिहिलं, नंतर कुणी सुधारलं, त्याची नोंदही प्रतीबरोबर येते.

पण नेट कमी, म्हणून सगळ्या शाळांनी फक्त आजचं रूप घेतलं, मागचा इतिहास सोडून दिला. हमझाने नवा लॅपटॉप घेतला तेव्हा त्यानेही तेच केलं. "जुनं कोण बघतंय, बाई?" असं तेव्हा तो म्हणाला होता.

बाईंनी ऐकलं नाही. रत्नागिरीत भाचीकडे, दीपालीकडे, दिवसभर बसून त्यांनी इतिहासासकट सगळं उतरवून घेतलं. त्यानंतर रोज टाकीपाशी येऊन फक्त नवं तेवढं घेत. चार मिनिटांत काम होई. मुलांनी विचारलं, "बाई, एवढ्या लवकर कसं येतं?"

"दोन दिवस तापाने पडलेली मुलगी मैत्रिणीची वही मागते, तेव्हा काय म्हणते? पहिल्या पानापासून दे?"

"नाय बाई! आमचं इथवर झालंय, पुढचं दे म्हणते."

"मशीनही तेच म्हणतं. आधी सांगतं, माझ्याकडे इथवर आहे."

गेल्या महिन्यात ज्या संस्थेच्या सर्व्हरवर मूळ प्रत होती, ती संस्थाच बंद पडली. पुस्तकासाठी शब्द सगळ्यांकडे होते. नावं मागच्या इतिहासात होती, ती फक्त बाईंकडे उरली.

"नावं नाही मिळाली तर काय छापतील?"

"'पाच शाळांतील विद्यार्थी'. असं सगळीकडेच छापतात, बाई."

"एकशे त्र्याऐंशी पोरं आहेत रे. घरी पुस्तक नेऊन आईला काय दाखवतील? 'विद्यार्थी' ह्या शब्दावर बोट ठेवतील?"

 हमझा म्हणाला, "निम्मं तरी पाठवून बघा."

"थांब. तुझ्याकडे काय काय आहे ते सांग."

"शब्द आहेत. फोटो, आवाज, सगळं."

"नाही काय?"

"नावं."

"मग फोटो परत कशाला पाठवू, मेल्या? नावंच पाठवते."

 बाईंनी गिटकडून नोंदींची यादी काढली: शब्द, नाव, तारीख. साधा मजकूर, एका लहानशा फोटोपेक्षाही हलका. दांडी गेली, आली, आणि फाईल गेली.

"आली!" हमझा ओरडला. "बाई, हे मला सुचायला हवं होतं."

"चौथीतही तुला उत्तर यायचं. प्रश्न वाचायचा नाहीस."

तो हसला आणि शाळांच्या पटाशी नावं ताडून बघू लागला. अकरा वाजून गेले. बाई ऐकत होत्या. "शुभंकर आहे, राही आहे, आयात आहे... एकशे त्र्याऐंशी जुळली. एक जास्त येतंय. बाबाजी तांबे. हे कुठल्या शाळेचे?"

बाईंनी पडद्यावर ते नाव शोधलं. एका दुपारी पोरं अंगणात बसून शब्द टाकत होती, तेव्हा बाईंचे यजमान बाबाजी म्हणाले होते, "मला पण एक टाकू दे." एका बोटाने, अक्षर शोधत शोधत त्यांनी 'आगोट' लिहिलं होतं. "पाऊस लागायच्या आधीची आमची धावपळ." ते जाऊन आता दोन वर्षं होत आली. पुढे सहावीतल्या रसिकाने तोच अर्थ नीट, व्यवस्थित लिहून काढला. आजच्या रूपात बाबाजींचं एक अक्षरही उरलं नव्हतं.

"बाई? आगोट ह्या शब्दाला रसिकाचंही नाव आहे. दोन्ही ठेवू?"

"पोरांचं पुस्तक आहे. रसिकाचं ठेव."

"आणि त्यांचं?"

"माझ्याकडे आहे ते."

फोन बंद झाला तरी बाई उठल्या नाहीत. ऊन वर आलं होतं, पडद्यावरचं काही दिसेना. त्यांनी डोक्यावरून पदर पुढे ओढला, त्याची सावली लॅपटॉपवर धरली, आणि बाबाजींची ती एक ओळ पुन्हा वाचली.